चाखण्यापुरतं

सात वर्षं झाली माझ्या पोटाच्या ऑपरेशनला, आणि सात वर्षं लोक मला एकच प्रश्न विचारतायत, "आता किती खातेस गं?" लग्नात विचारतात, बारशाला विचारतात. एका बाईनं तर दहाव्याला, सगळे कावळ्याची वाट बघत उभे असताना, मला कोपरानं ढोसून विचारलं. अर्धी भाकरी म्हटलं की म्हणतात, मग जगतेस कशी? एक म्हटलं की म्हणतात, मग एवढं पोट कापून उपयोग काय झाला? म्हणजे मी काहीही सांगितलं तरी चुकतंच. डोक्यात तिडीक जाते माझ्या.

ऑपरेशनआधी मी एकशे अठरा किलोची होते. साखर इतकी की दिवसातून दोनदा पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे. पोटावर निळे डाग, आणि फ्रिजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात त्या बाटल्या. कुठे लग्नाला जायचं तरी बर्फाचा डबा बरोबर. मग मुंबईच्या डॉक्टरांनी पोटाचा बराचसा भाग काढून टाकला, केळ्याएवढी पिशवी ठेवली. दीड वर्षात शेहेचाळीस किलो उतरले आणि सुई सुटली. बाटल्या गेल्या त्या दिवशी मी तो कप्पा साबणानं धुतला आणि त्यात लिंबं भरून ठेवली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलेलं आहे.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की संपलं. संपतंय कसलं! पहिली दोन वर्षं भूकच लागत नाही, तेव्हा कुणीही शहाणं होतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भूक परत येते, आणि तिच्या मागून वजन येतं, महिन्याला पावशेर, अर्धा किलो, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. माझं सात वर्षांत अकरा किलो परत आलं. मी काय चोरून जिलब्या खात होते? गोड जरा जास्त झालं तर मला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, गोळ्या आयुष्यभर. सगळं पाळते मी. नवरा तर माझ्या ताटावर असा डोळा ठेवून असतो की मांजरही माशावर ठेवत नसेल. मी दुसरा तुकडा घेतला की हा खाकरतो. पनवेलला दिलेली मुलगी फोनवर म्हणते, आई, ताट दाखव. दाखवते. त्यात अर्धी भाकरी, सुरमईचा एक तुकडा, वाटीभर भाजी. पंचवीस वेळा बघा, तेवढंच दिसेल.

काही महिन्यांपूर्वी मांडव्याहून बोटीनं मुंबईला तपासणीला गेले. डॉक्टरांनी कागद बघितले आणि सरळ सांगितलं की साखर पुन्हा वर चाललीय. वजन इथेच थांबवा, नाहीतर वर्षभरात पुन्हा सुईवर यावं लागेल. मला मरणाची एवढी भीती वाटत नाही, पण ती सुई मला नको. नकोच.

त्यांच्याकडच्या आहार ठरवून देणाऱ्या मुलीनं पंधरा दिवस तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायला सांगितलं. मी लिहिलं, अगदी चहातल्या दुधासकट. पुढच्या खेपेला तिनं वही चाळली, पेन गालाला लावून बसली आणि म्हणाली की काकू, एवढं खाऊन वजन वाढायला नको, काहीतरी राहतंय. म्हणजे मी खोटारडी! माझ्या लेकीपेक्षा लहान पोरगी. बोटीत येताना मी तिला मनातल्या मनात इतकं बोलले, इतकं बोलले, की मांडवा कधी आलं कळलंच नाही.

घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेल्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पण डोळे घारीचे. मी तणतणत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक पाकळी सोलून वाटीत टाकली आणि म्हणाल्या, "त्या वहीत चाखलेलं लिवलंस काय?"

आता हे समजायला आमचं काम सांगायला हवं. चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात ती समुद्रासाठी येतात असं नवऱ्याला वाटतं. येतात ती माझ्या जेवणाला. कोलंबीचं कालवण, वालाचं बिरडं, सोलकढी. "काकूंच्या हातची चव" असं लिहून जातात. सव्वीस वर्षं ती चूल माझी आहे, आणि चाखल्याशिवाय मी कढई खाली उतरवत नाही. तळहातावर थोडं घ्यायचं, तोंडात टाकायचं, मीठ बघायचं. ते काय खाणं असतं? स्वयंपाक करणारी कुठली बाई त्याला खाणं म्हणते? मी सासूबाईंना तसं ठणकावून सांगितलं आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतीच बोलले.

पण शनिवार आला तेव्हा मनात किडा वळवळत होता. म्हटलं, म्हातारीला दाखवूनच देते. ओट्याच्या कोपऱ्यात एक रिकामी वाटी ठेवली. जेवढ्या वेळा चाखायचं तेवढ्या वेळा तोंडात न टाकता, तेवढंच त्या वाटीत टाकायचं. कालवणाचं वाटण परतताना एकदा, उकळी आल्यावर एकदा, आंबट बघायला परत एकदा. बिरड्यातले दोन वाल शिजलेत का बघायला. सोलकढीचा घोट. तळलेल्या कोलंबीची एक, कारण पहिल्या घाण्यातली एक मी घेतेच. शेवयांच्या खिरीचा अर्धा डाव. पाहुणे जेवायला बसेपर्यंत वाटी भरून दुसरी अर्धी झाली होती. नारळाचं दूध, तेल, तूप, साखर, सगळं एकात एक कालवलेलं, वर तेलाचा तवंग. माझ्या दुपारच्या जेवणाहून जड होतं ते. आणि हे फक्त सकाळचं.

ती वाटी मी उचलून उजेडात धरली. सात वर्षं सगळं घर माझ्या ताटावर पहारा देत होतं, आणि मी ओट्याशी उभी राहून जेवत होते. नवऱ्याला दिसलं नाही, पोरीला दिसलं नाही, मलाही दिसलं नाही. दिसलं कुणाला, तर जिला मी आयुष्यभर लुडबुडी म्हटलं तिला. याचाच जास्त संताप आला.

मग ठरवलं, चाखायचं नाही. दुसऱ्या शनिवारी न चाखता कालवण केलं आणि मीठ दोनदा पडलं. पाहुणे शहरातले, शिकलेले, कुणी काही बोललं नाही. नुसते पाणी पीत राहिले. पातेलं अर्धं तसंच परत आलं. असलं माझ्या चुलीवर कधी घडलं नव्हतं. मी पातेलं दाणकन मोरीत ठेवलं आणि सासूबाईंना म्हटलं की झालं समाधान? आता माझ्या हातची चवही गेली. ती गेली तर माणसं इथे येतील कशाला? सुई तर सुई, टोचून घेईन, पण असलं जेवण मी कुणाला वाढणार नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, "गणपतीत एकवीस मोदक करतेस, खीर करतेस, वरण करतेस. त्यातलं काय चाखतेस?"

नैवेद्य कुणी चाखतं का? उष्टा होईल. मी म्हटलं, देवाची गोष्ट वेगळी, देव तक्रार करत नाही.

"देव नसंल करत. पण नंतर खातो आमीच ना? तुझ्या नैवेद्यात मीठ कधी चुकलं न्हाय."

खरं होतं ते. नैवेद्याचं मीठ मी हातानं मोजून घालते, वासावर करते, रंगावर करते, आणि चित्त कुठेही नसतं, फक्त पातेल्यात असतं. पाहुण्यांच्या वेळी एका कानाला फोन असतो, तोंडानं कुणाला तरी खोलीची चावी कुठे आहे ते सांगत असते, आणि मीठ टाकलं की नाही ते जीभ सांगेल म्हणून सोडून देते. पण देवाचं पातेलं लहान असतं. वीस माणसांचं कालवण वासावर सोडायचं धाडस मला होईना.

पुढच्या शनिवारी कालवणाला उकळी आली. मी डाव भरला आणि सवयीनं तळहात पुढे केला. तेवढ्यात शेजारी दुसरा तळहात आला, सुरकुतलेला, लसणाचा वास येणारा. सासूबाई पाटावरून उठून माझ्या बाजूला उभ्या होत्या. नुसता हात पुढे.

या घरात आले तेव्हा पहिल्या वर्षी त्या माझ्या प्रत्येक भाजीला नाव ठेवायच्या. एक दिवस मी भांडले आणि सांगितलं की आजपासून माझ्या मिठाबद्दल कुणी बोलायचं नाही. तेव्हापासून त्या बोलल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं, अळणी असो की खारट, मुकाट्यानं जेवल्या. आणि आता मी डाव हातात धरून उभी, घोटभर रस्सा घशाखाली घालावा म्हणून जीव कासावीस झालेला, आणि तो हात काही मागे हटेना. मी त्यांच्या तळहातावर रस्सा ओतला.

त्यांनी फुंकर घातली, चाखलं, डोळे मिटले. बराच वेळ घेतला, मुद्दामच.

"मीठ कमी हाय."

कमी नव्हतं. मी मोजून घातलं होतं, माझी खात्री होती. भांडण ओठांवर आलं होतं. तरी मी चिमूटभर मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकलं. रागानं रडू येत होतं, ते कांद्यावर ढकललं. त्यांनी परत चाखलं आणि म्हणाल्या, आता बरं हाय.

पाहुण्यांनी दोन-दोनदा मागून घेतलं, पातेलं पुसून गेलं. मी ते कालवण चाखलं नाही, त्यामुळे खरं कुणाचं होतं ते मला आजही माहीत नाही. मग माझ्या ताटात वाढायला लिंबू हवं होतं म्हणून मी फ्रिज उघडला. दारातल्या वरच्या कप्प्यात अजून लिंबंच होती.