जुन्या लॉरीला नवं ऑइल

जुन्या डिझेल गाडीला कुठलं ऑइल घालावं, असं कोणी विचारलं की मी आधी त्याच्याकडे नीट बघून घेतो. बहुतेकांना उत्तर नकोच असतं, डब्यावरचं नाव तेवढं हवं असतं. मी म्हणतो, बाबा रे, इंजिन किती चाललंय, धूर कसला टाकतंय, पोटात गाळ किती साठलाय, ते आधी सांग. मग माणूस वैतागतो आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो. जाईना का. हे शहाणपण मला कसं आलं ते सांगताना माझी मान अजून खाली जाते, पण सांगतो.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. लोणखेड्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याची लॉरी मी चालवत होतो. त्यांना सगळं गाव आबा म्हणे, मीही म्हणे. लॉरी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, डिझेलवर चालणारी. आमच्याकडे तेव्हा बाकी सगळ्या मोटारी पेट्रोलवर, त्यामुळे आमच्या लॉरीचं भारी अप्रूप. पण ती आली तीच म्हातारी होऊन. सकाळी सुरू केली की असा काळा धूर ओकायची की शेजारच्या बाया वाळत घातलेली धुणी गोळा करत मला शिव्या घालायच्या. मला काय, सवय झाली होती.

तिला मी साधं, जाड ऑइल घालायचो. झिजलेल्या इंजिनाला जाडच मानवतं, पातळ घातलं की वर चढून जळून जातं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थेंब धरायचा, बोटं हळूहळू उघडायची आणि पाकाची बघतात तशी तार बघायची, एवढीच माझी परीक्षा. हिवाळ्यात पहाटे ते ऑइल गोठून बसे, मग डबा शेकोटीजवळ ठेवून कोमट करायचो. सगळं ऑइल बदलायच्या भानगडीत मात्र कधी पडलो नाही. कमी झालं की वरून भर घालायची, बस्स. त्यामुळे इंजिनाच्या तळाशी ऑइलची जी टाकी असते, आम्ही तिला चेंबर म्हणतो, तिच्यात काळा गाळ थरावर थर चिकटून बसला होता. त्याची मला कल्पना होती, पण गाडी चालत होती ना, मग कशाला हात लावा.

दिवाळीनंतर सातपुड्यातली माणसं टोळीनं आमच्याकडे कापूस वेचायला आणि ज्वारी कापायला उतरत. होळी तोंडावर आली की एकही जण थांबत नसे. आबा त्यांना लॉरीनं डोंगराच्या पायथ्याला खापरपर्यंत पोचवायचे, तिथून ते पायी डोंगर चढायचे. त्या साली टोळीत एक माणूस होता, सोबत बायको आणि तीन-चार वर्षांची पोरगी. पावसाळ्यात पोरीचा ताप हटेना तेव्हा त्यानं होळीचा नवस केला होता. पोरगी वाचली. आता त्याला गावात जाऊन नवसकऱ्यांचा साज चढवायचा होता आणि होळीभर नाचायचं होतं. बाकीच्यांनी होळीच्या दिवशी पोचलं तरी चाले, पण नवसाची माणसं आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत एकत्र बसायची. तो उशिरा पोचला असता तर त्याला कोणी त्यांच्यात घेतलं नसतं, नवस तसाच राहिला असता आणि पोरीला पुन्हा काही झालं तर काय, या भीतीनं तो आधीच अर्धा झाला होता. दोन दिवसांत त्यानं मला चारदा विचारलं, "डायवरभाऊ, दिन बुडाना पहिले पोचाडशी ना?" मी चारही वेळा छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

आणि इथंच माझा शहाणपणा नडला. आमच्याकडे सणासुदीच्या वाटेला लागायचं म्हणजे बैल धुवायचे, शिंगांना तेल लावायचं, गाडीच्या आसाचं जुनं वंगण पुसून नवं भरायचं. मला वाटलं, ही माणसं देवाच्या कामाला चाललीत, तर लॉरीनं तरी जुन्या काळ्या ऑइलवर का जावं? आबांनी त्याच लिलावातून नव्या तऱ्हेच्या ऑइलचं एक पिंप आणलं होतं. मधासारखं पिवळंधम्मक. मी थेंब घेतला, तार बघितली, पसंत पडली. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "चांगलं शे ते घाल ना, सण शे." झालं. निघायच्या आदल्या दिवशी मी जुनं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत काढलं, गाडीवाल्यांना आसाला लावायला वाटून टाकलं आणि नवं भरलं. मनातून इतका खूश होतो की लॉरीला हळद-कुंकूही लावलं.

त्या ऑइलमध्ये इंजिनातली काजळी धुऊन काढायचं औषध घातलेलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नव्या इंजिनाला ते उत्तम. आमच्या म्हातारीच्या पोटात मात्र वर्षानुवर्षांचा गाळ होता आणि तो त्या औषधानं एकदम सोडवला. ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, सगळा गाळ जाऊन तिच्यावर बसला.

हे सगळं मागाहून कळलं. सकाळी निघालो तेव्हा लॉरी अशी गुळगुळीत चालली की मी मिशीवर ताव देत होतो. तळोदा मागे पडलं आणि ऑइलचा दाब दाखवणारा काटा हळूच खाली येऊ लागला. मी काचेवर टिचकी मारली. काटा आणखी खाली. तसाच चालवत राहिलो असतो तर बेअरिंगं वितळून इंजिन कायमचं बसलं असतं. मी एका नाल्याच्या काठी लॉरी उभी केली.

टोळीतल्या बाकीच्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि बोचकी उचलून चालायला लागले. त्यांना घाई नव्हती, रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोचले असते. तो मात्र तिथंच उभा. पोरीला खांद्यावर घेऊन तो पायी गेला असता तरी दिवस मावळायच्या आत पोचणं शक्य नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. "काय झायं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "जुनी गाडी शे, काय करशी." धडधडीत खोटं बोललो. ऑइल मी बदललं म्हणून हे झालं, हा संशय मला तेव्हाच आला होता, पण जीभ वळेना.

आम्ही दोघं लॉरीखाली शिरलो. त्यांचं स्वयंपाकाचं पातेलं आणि माझी बादली खाली धरून ऑइल उतरवलं, सांध्यातलं कागदी पॅकिंग फाटू न देता चेंबर सोडवलं. जाळीवर डांबरासारखा गाळ थापला होता. तो डिझेलमध्ये धुऊन काढला. पण उतरवलेल्या ऑइलमध्येही काळी कणी तरंगत होती आणि दुसरं ऑइल जवळ नव्हतं. म्हणजे तेच गाळून परत भरायला हवं. माझा पंचा अर्ध्या बादलीतच चोंदला. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना कापसाचा तूस आणि शेतातली धूळ, ते वापरले असते तर आगीतून फुफाट्यात. मी कपाळाला हात लावून बसलो.

त्याची बायको पोरीला मांडीवर घेऊन नाल्याच्या काठी बसली होती. ती उठली, बोचकं सोडलं आणि तळाशी घडी करून ठेवलेलं कोरं लुगडं काढलं. हंगामभर कापूस वेचून तिनं ते होळीसाठी घेतलं होतं, खळ जावी म्हणून कालच नदीवर धुऊन वाळवलं होतं. अजून एकदाही नेसलेली नव्हती. मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, पण हळू म्हटलं, कारण दुसरा उपाय नव्हता हे मला माहीत होतं. तिनं लुगड्याची दुहेरी घडी घातली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

लाल काठाचं लुगडं आमच्या डोळ्यांदेखत काळं होत गेलं. पुढं आणखी दोनदा काटा पडला, दोनदा थांबून जाळी धुतली आणि दोनदा त्याच लुगड्यातून ऑइल गाळलं. खापरला आलो तेव्हा दिवस मावळायला अजून दोन कासरे अवकाश होता. त्यांना डोंगरातल्या आडवाटेनं तेवढाच वेळ लागणार होता. ते वेळेत पोचले, हे मला पुढच्या दिवाळीनंतर टोळी परत उतरली तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं.

तो पोरीला घेऊन उतरला आणि माझे हात धरले. दुसरा डायवर असता तर वाटेतच सोडून दिलं असतं, असं काहीसं म्हणाला. ते ऐकवेना मला. मी सांगून टाकलं, की चूक लॉरीची नव्हे, माझी. चांगलं करायला गेलो आणि तिला न झेपणारं ऑइल घातलं. आणि त्यापायी तुमचं लुगडं गेलं.

त्यानं पोरीला खांद्यावर बसवलं. बायको पुढे आली आणि तिनं तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत मला एवढंच विचारलं, "गाडी बरी झायी ना आते?"

मी हो म्हटलं. "मंग बेस," ती म्हणाली, आणि ठिगळं लावलेल्या जुन्या लुगड्याचा पदर खोचून नवऱ्यामागे झपाझप डोंगराकडे निघाली. मी लॉरीच्या पायरीवर बसलो आणि खापरच्या भर बाजारात, एवढा बाप्या माणूस, हमसून हमसून रडलो.