वन्संचं सात ग्रॅमचं बाळ

जगात जन्माला येणारा प्रत्येक जीव थोडा कमी वजनाचाच असतो, असं आमच्या वन्संचं ठाम मत आहे आणि ह्या मताला त्यांनी अपवाद केलेला मी गेल्या सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत डॉक्टर म्हणून त्यांनी चौतीस वर्षं अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झालेली नाही. कुणाच्या बारशाला गेल्या, तर बाळाचं कौतुक करायच्या आधी त्याची टाळू चाचपतात, पाय दुमडून खुबे तपासतात, आणि मगच आईला पेढा देतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला घ्यायला त्या विमानतळावर आल्या होत्या. मी वाकून नमस्कार करायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघितला आणि भावाला म्हणाल्या, "हिला आयर्न सुरू कर." आमची ओळख झाली ती अशी. पुढे माझ्या पोळ्या, माझं ड्रायव्हिंग, माझी लेकीला धरायची पद्धत, सगळ्याची यथासांग तपासणी झाली आणि प्रत्येक वेळी काही ना काही सुधारायला निघालंच.

त्या लंडनजवळ स्लाऊला एकट्या राहतात. लग्न का नाही केलं, असं विचारलं तर "ड्यूटी होती" एवढंच सांगतात; जणू चौतीस वर्षं एकच ड्यूटी चालली होती. त्यांच्या शेजारी एक गोरा व्हॅन ड्रायव्हर राहतो. दिवसभर लोकांची पार्सलं पोचवतो आणि स्वतःची पार्सलं मात्र वन्संकडे येऊन पडलेली असतात. बदल्यात तो त्यांचं कुंपण कापून देतो. ह्या सज्जन गृहस्थाला घरी साप पाळायचा आणि त्यांची पिल्लं काढायचा नाद आहे. कॉर्न स्नेक म्हणून बिनविषारी जात असते, ती. ऑगस्टमधल्या एका दुपारी वन्सं त्याचं पार्सल द्यायला गेल्या, तर तो हातात चहाचा मग घेऊन कावराबावरा उभा. अंडी फुटली होती. बाकीची पिल्लं छान होती, पण शेवटचं एक तीन ठिकाणी वाकडं निघालं होतं आणि त्याला डावा डोळाच नव्हता. असलं पिल्लू लोक ठेवत नाहीत, त्याला शांतपणे संपवतात, असं त्याने सांगितलं. सकाळपासून हे काम तो पुढे ढकलत होता आणि हा त्याचा सहावा चहा होता.

वन्संनी एकच प्रश्न केला, "वजन किती?" त्याने केलं नव्हतं. मग मात्र वन्संचा पारा चढला. जन्मून सहा तास झाले आणि वजन नाही, हा प्रकार त्यांच्या वॉर्डात घडला असता तर कुणाची धडगत नव्हती. त्या तरातरा घरी आल्या, पोहे मोजायचा काटा उचलला, परत गेल्या आणि सात ग्रॅम असं जाहीर केलं. अर्ध्या तासाने त्या घरी परतल्या तेव्हा हातात काटा होता आणि काट्यावर झाकणाला भोकं पाडलेला एक डबा.

मला फोन आला तो असा: "अगं, माझ्याकडे एक बाळ आलंय. स्पाइनला तीन बाक आहेत, लेफ्ट आय नाहीये. पण मसल टोन एकदम चांगला."

"अगंबाई. कुणाचं हो?"

"सापाचं."

मी टीव्हीवर साप दिसला तरी पाय सोफ्यावर घेणारी बाई. पुढचं सगळं मी पाय वर घेऊनच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर कोवळी पोरगी होती. खाल्लेलं त्या बाकांतून पुढे सरकेल की नाही सांगता येत नाही, कदाचित त्याला कायमचं झोपवणंच दयेचं ठरेल, असं ती फार हळुवारपणे म्हणाली. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं. असली वाक्यं आईबापांसमोर बसून त्यांनी स्वतः उच्चारलेली होती, त्यामुळे त्या मुलीचा त्यांना राग आला नाही, उलट तिने डोळ्यात बघून सांगितलं ह्याचं कौतुकच वाटलं. "त्याला दुखतंय का?" एवढं त्यांनी विचारलं. तसं वाटत नाही, असं मुलगी म्हणाली. "मग खाऊ दे तर त्याला आधी. नंतर बघू," असं म्हणून वन्संनी डबा उचलला.

झालं. पाहुण्यांच्या खोलीत काचेची पेटी आली, पेटीखाली गरम राहणारी चटई आली, भिंतीवर वजनाचा तक्ता लागला. भेटायला येणाऱ्याने बांगड्या-घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, असा नियम झाला. नाव ठेवायला वन्संनी साफ नकार दिला. वॉर्डातल्या बाळांना त्या जशी हाक मारत, तशी ह्यालाही "बाळ". आणि सगळ्यात मोठी क्रांती झाली ती फ्रीजरमध्ये. वन्सं इतक्या कट्टर शाकाहारी, की माझ्या नवऱ्याने एकदा त्यांच्याकडे ऑम्लेट केलं तर तो तवा दुसऱ्या दिवशी चॅरिटी शॉपमध्ये गेला. त्याच घरात आता उंदरांची एक दिवसाची, गोठवलेली पिल्लं येऊन राहिली. सापाचं खाणं तेच, त्याला वरणभात चालत नाही, ह्यापुढे वन्संचं व्रत हरलं.

आता, आमच्या इकडच्या मराठी घरांत आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं. त्यात आमटी असते, भिजवलेले वाल असतात, पुरण असतं, आणि हे डबे आमच्या गावाहून, रीडिंगहून, स्लाऊला आणि स्लाऊहून रीडिंगला अखंड फिरत असतात. दर वर्षी गणपतीत माझ्या मोदकांसाठी खोबरं वन्सं खोवून देतात, कारण माझं खोवणं त्यांच्या मते जाडंभरडं. त्याही वर्षी चतुर्थीच्या सकाळी मी त्यांच्या फ्रीजरमधून व्हॅनिलाचा डबा उचलला आणि घरी आले. गॅसवर गूळ वितळत ठेवला, डबा उघडला, तर आत गुलाबी, इवलीशी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं ओळीने निजलेली. मी किंचाळले नाही, कारण किंचाळायलाही श्वास लागतो.

फोन केला तर वन्संचा आवाज खोल गेलेला. "आधी तो डबा फ्रीजरमध्ये ठेव. वितळले तर फुकट जातील. आणि ऐक, आज त्याला भरवायचंय गं. दोनदा ट्राय केलं, दोन्ही वेळा तोंड फिरवलंन त्याने. आज जर का..."

वाक्य तिथेच राहिलं. वन्संनी वाक्य अर्धं सोडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी गॅस बंद केला, लेकीला हाक मारली, तिच्या मांडीवर बर्फात गुंडाळलेला डबा दिला आणि गाडी एम-फोर हायवेला घातली.

वन्संनी त्यातल्या एका पिल्लाचा अगदी लहान तुकडा कापला, कोमट पाण्यात ऊन केला आणि चिमट्याने बाळाच्या उजव्या बाजूला, दिसत्या डोळ्यासमोर धरला. पुष्कळ वेळ काहीच घडलं नाही. मग त्या काडीएवढ्या जिवाने एकदम तोंड उघडलं आणि घास घेतला. घास पहिल्या बाकापाशी येऊन थांबला. बाहेरून त्याचा फुगवटा दिसत होता.

"आत्या, ती अडकला का?" माझ्या लेकीने हळूच विचारलं. ती इथेच जन्मली-वाढली.

"बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. तिच्या व्याकरणाची दुरुस्ती करायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

वीस मिनिटं आम्ही तिघी त्या फुगवट्याकडे बघत उभ्या होतो. मग तो सरकला. दुसऱ्या बाकाला रेंगाळला, तिसरा ओलांडला आणि दिसेनासा झाला. पाय जमिनीवर ठेवून मी सापाशेजारी उभी आहे आणि वन्संच्या कार्डिगनची बाही घट्ट धरून आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षी आमच्या बाप्पाला नैवेद्य दिवेलागणीला मिळाला. त्याने काही तक्रार केली नाही.

बाळ त्यानंतर खात राहिलं. सातावरून अकरा, अकरावरून एकोणीस ग्रॅम. वाकड्या अंगानेच पेटीभर हिंडायला लागलं. शेजारी दर रविवारी येऊन, हात धुऊन, तक्ता वाचून जायचा आणि जाताना थोडा शरमलेला असायचा.

जानेवारीत एकदा वन्संचा फोन आला. "जरा येतेस? त्याची कात अडकलीये." मी गेले. त्यांनी बाळाला कोमट पाण्यात बसवून ठेवलं होतं. बाकीची कात निघाली होती, पण शेवटच्या बाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची जुनी कातडी घट्ट बसली होती. तशीच राहिली तर रक्त पोचणार नाही आणि शेपटी वाळून जाईल, असं त्यांनी सांगितलं. मग ओला कापूस माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तू कर."

"मी? वन्सं, मला भीती वाटते, तुम्हाला माहितीये ना."

त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पुढे केले. बोटं थरथरत होती. थोडी, पण थांबत नव्हती. तळहाताएवढ्या बाळांच्या दोऱ्याएवढ्या शिरेत ह्याच बोटांनी सुई घातली होती, आणि तीही पहिल्याच प्रयत्नात, असं त्यांच्या नर्सेस सांगायच्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. टेस्ट चालू आहेत. माझं राहू दे, आधी त्याचं बघ."

मी बाळाला हातात घेतलं. ते थंडगार, चिकट असेल असं मी आयुष्यभर धरून चालले होते; तसं काही नव्हतं. कोरडं होतं, मऊ होतं, आणि माझ्या अंगठ्याला विळखा घालून गप्प बसलं. वन्सं माझ्या मागे उभ्या राहिल्या. "ओढू नकोस. कापूस गोल फिरव. हं. श्वास घे. अगं, तू घे, त्याचा चाललाय." कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी ती कात हळूहळू सुटत आली आणि शेवटी टोकावरून अख्खी निघाली. खाली शेपटी नवीकोरी, केशरी.

बाळाला पेटीत ठेवून मी हात धुतले. वन्सं खुर्चीत बसल्या होत्या, हात शालीखाली घेऊन.

"आता डॉक्टर म्हणते, बाळ पंधरा-वीस वर्षं काढेल," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा नव्वदीत."

"मग काय झालं? नव्वदीतही चार्ट तुम्हीच भरणार."

त्या हसल्या नाहीत. माझे हात जवळ ओढून घेतले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, पुष्कळ वेळ.

"तुझे हात चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

सव्वीस वर्षं मी त्यांच्या तोंडून असलं काहीतरी ऐकायला टपून बसले होते. आणि ऐकलं तेव्हा मनात एवढंच आलं, की वन्सं, नका हो असं म्हणू. चुका काढा माझ्या.