ताईचं पत्र

शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्याला सगळे नितळबुवा म्हणत. नदीत सोडायचं पाणी तो रोज सकाळी बाटलीत घेई, बाटलीमागे एक जुनं पत्र धरी आणि अक्षरं नीट लागली तरच झडप उघडू देई. मग साहेबांनी आकाशपाताळ एक केलं तरी हा ढिम्म हलत नसे.

पत्र थोरल्या बहिणीचं होतं. ती नदीच्या खालच्या अंगाला राहायची. 'तुमच्या शहराच्या घाणीने आमच्या डोहातले मासे मेले. ते परत दिसले की मीच कळवीन. तोवर इकडे फिरकू नकोस.' याला बारा वर्षं झाली होती.

एकदा प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या बाईंनी त्याला हटकलं. "काका, हे पत्र तुम्हाला पाठ झालंय. गढूळ पाण्यातूनही तुम्ही ते वाचाल. दुसरा कागद घ्या."

म्हणणं बिनतोड होतं. त्याने त्या दिवशीचं वर्तमानपत्र बाटलीमागे धरलं. बारीकातलं बारीक अक्षरही स्वच्छ दिसलं.

"पाणी तर कधीचंच नितळ झालंय," पत्राची घडी घालत तो म्हणाला. "मासेही आले असतील. कळवायचं तेवढं ताईकडून राहून गेलं असेल."