तांडेलांचा न उडणारा पक्षी

आमच्या शेजारचे तांडेल आगबोटीवरची नोकरी संपवून घरी आले, तरी बोलताना 'हे पाहिलेलं' आणि 'हे ऐकलेलं' असा हिशेब वेगळा ठेवतात. आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पेंग्विन त्यांनी पाहिलेला आहे. अंगावर पिसं, पंखांची जणू वल्ही झालेली, ओरडणं गाढवासारखं. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. त्याच कुळातल्या मोठ्या जाती बर्फाच्या मुलखात राहतात, हे मात्र ऐकलेलं.

त्यांच्या मुलीला पाहायला पूर्णगडची मंडळी आली, तेव्हा मीही बसलो होतो. मुलीचं वय, शिक्षण सांगून झालं आणि गप्पांत पेंग्विन निघाला. मुलाचे वडील हसून म्हणाले, "उडत नाही, पोहतो, तर मासाच तो. कशाला थापा मारता, तांडेल?"

स्थळ चांगलं होतं. मी हळूच सुचवलं, "गंमत केली म्हणा नि सोडा."

तांडेलांनी सुपारी कातरणं थांबवलं. "अंगाला पिसं आहेत, अंडी उबवतो, म्हणजे पक्षीच. सोयरीक मोडली तरी तो काही मासा व्हायचा नाही."

मुलाच्या वडिलांनी तबकातलं पान उचललं आणि म्हणाले, "म्हणजे मुलीचं वयही तुम्ही खरंच सांगितलंत."