टीव्ही नसलेल्या घरातला टीव्ही-गेम

आमच्या घरात सर्वांत जास्त जागा मागाला होती. बाबा खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचे आणि उरलेल्या जागेत आम्ही जेवायचो, झोपायचो, भांडायचो. सूत मिळालं तर काम. नाही तर बाबा रिकाम्या मागाची धूळ पुसत बसायचे. अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. नातेवाइकांनी पेढे खाल्ले आणि तोंड पुसायच्या आत स्थळं सुचवली.

मला नोकरी हवी होती. सीताबर्डीवर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे गेले. मालकांनी माझी पदवी वाचली आणि परत दिली. "बाई, कागदानं टीव्ही चालू होत नाही. हातानं काही बनवून आणा, मग पाहू." मी पुन्हा येणार नाही, याची त्यांना खात्रीच होती.

मी टीव्हीवर खेळायचा चेंडूचा गेम बनवायचं ठरवलं. सगळा खेळ एका चिपमध्ये असायचा. ती मुंबईहून मागवावी लागली आणि मी घेत असलेल्या शिकवण्यांचे बहुतेक पैसे तिनेच खाल्ले. ट्रान्सफॉर्मर सोडून दिला, टॉर्चच्या सेलवर भागवलं. घुंड्या जुन्या रेडिओच्या चालल्या असत्या, पण बघणाऱ्याचा हात आधी घुंडीवर जातो, म्हणून त्या नव्या. राहिलं सॉकेट. ते असलं की चिप नुसती दाबून बसते. नसलं तर तिचे पाय थेट सोल्डर करायचे, आणि हात चुकला तर चिप जळणार.

सॉकेटसाठी आईकडे पैसे मागितले.

"आन् हे सारं ठेवशील कायच्यात?"

"बुटाच्या खोक्यात."

"बुटाच्या! तुले पाहाले लोक येतात, तवा तुही गणिताची वही कोणी उघडून पाहिली का वं? पैसे देईन, पण डब्यासाठी."

डबा आला, चकचकीत. सॉकेट आलं नाही. मी एक पाय जोडायचा, चिप गार होऊ द्यायची, मग दुसरा, असं करत दुपार घालवली. जळली की वाचली हे कळायला टीव्ही हवा. तो शेजाऱ्यांकडे होता, पण गेमनं पडदा खराब होतो असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तेव्हा पहिली परीक्षा दुकानातच.

मालकांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. "डबा झकास आहे. भावानं बनवलं?"

"मले भाऊ नाही."

"मग वडलांनी?"

"ते लुगडी विणतात. मी बनवलं."

दुकानातल्या एका टीव्हीची अँटेनाची तार काढून मी माझी लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मालक गालात हसले. मी टीव्हीची घुंडी जरा जरा फिरवत गेले, आणि दोन पांढऱ्या पट्ट्या उभ्या राहिल्या. मधून चेंडू टुकटुक करत धावू लागला. दुरुस्तीला टाकलेली इस्त्री न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं डब्याची एक घुंडी धरली, मालकांनी दुसरी. मालक हरले. पुन्हा हरले.

"काम ठीक आहे," घुंडी न सोडता ते म्हणाले, "पण दुकानात मुलगी बसली की गिऱ्हाईक लाजते."

"हे तं केव्हाचं खेळून राहिलं. लाजताना दिसत नाही."

गिऱ्हाईकच आधी हसलं. मग मालकांनाही हसावं लागलं.

पुढच्या एक तारखेपासून मी त्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसू लागले. आमच्या घराण्यात महिन्याचा पगार घेणारी मी पहिली.