आरसा नसलेला डबा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी जुन्नरच्या सीडीवाल्या काकांचं नाव घेतो. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही, कारण तेही तेच नाव घेतात.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्याही पुढे डोंगरात. घरी भात आणि नाचणी. आठवीपासून मी जुन्नरला मावशीकडे राहून शिकलो. शाळा सुटली की बाजारपेठेतल्या काकांच्या दुकानात जायचो. एक शटर, एक काउंटर आणि मागे भिंतभर गेमचे डबे. त्या दुकानाची स्वतःची भाषा होती. सीडीच्या चकचकीत बाजूला काका ‘आरसा’ म्हणायचे. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची आणि म्हणायचं, “आरसा बघून घे. मागनं तक्रार नको.” दुसरा शब्द ‘बदली’. खेळून झालेला गेम परत आणायचा, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरा न्यायचा. नवा कोरा गेम घेणं मला कधीच परवडलं नसतं. मी बदलीवरच वाढलो.

बारावी झाल्यावर वडील म्हणाले, आता बास, घोडेगावला कुठंतरी कामाला लाग. हे कळल्यावर काका दुकान बंद ठेवून यष्टीनं आमच्या गावी आले. त्याआधी ते आमच्या घरी कधीच आले नव्हते. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि वडिलांना म्हणाले, “ह्यो माझ्या दुकानातल्या डब्यावरचं इंग्रजी उभ्या उभ्या वाचतो. कॉलेजात बी वाचंल. पुण्याला जाऊ द्या त्याला.”  वडील म्हणाले, “तुमी म्हणताय तर जाऊ द्या.” आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर अशा रीतीनं ठरला.

या वर्षी पाडव्याच्या आठवडाभर आधी काकांचा फोन आला.

“मंचरला गाळा बघितलाय. रोडला हाय, लई मोठा. पाडव्याला विसार द्यायचाय. तू ये.”

“मी येऊन काय करू, काका?”

“काय करू नको. शिकलेला माणूस शेजारी उभा असला की बरं दिसतं.”

मग त्यांनी बेत सांगितला. मंचरच्या गाळ्यात चारही भिंतींना फक्त गेमचे डबे लावायचे. आयुष्यभर साठवलेलं सगळं त्यात घालायचं. जुन्नरचं दुकान महिनाअखेर सोडायचं. ते भाड्याचं होतं आणि जागामालकांनी त्यासाठी मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस आधीच बघून ठेवला होता. म्हणजे एकदा मंचरच्या सौद्याचे विसाराचे पैसे दिले की परतीची वाट नव्हती. आणि विसार देऊन मागे फिरणाऱ्यातले काका नव्हते.

डबे आता कुणी घेत नाही, हे मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण फोनवर मी एवढंच म्हणालो, “येतो.”

पाडव्याला सकाळी मोटारसायकलवरून जुन्नरला पोचलो. दुकानावर गुढी उभी होती, आत काउंटरवर जुन्या सीड्यांचा हाताळून हाताळून मळलेला खोका होता. काकांनी नवा पांढरा सदरा घातला होता आणि वरच्या खिशातून पाकिटाचा कोपरा बाहेर डोकावत होता. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर बसल्यावर त्यातलं एकही वाक्य सापडेना.

“काका, गिऱ्हाईक कसं आहे हल्ली?” मी लांबून सुरुवात केली.

“गिऱ्हाईक हाय रं. जुन्नर छोटं पडतंय, बाकी काय न्हाई. आता तुझंच बघ. पुण्यात ऱ्हातोस, तितं एवढाली दुकानं, तरी दर दिवाळीला माझ्याकडूनच डबा नेतोस का न्हाई? मंचर हायवेला हाय. तुझ्यासारखी पोरं गावी जाता-येता गाडी थांबवतील आन् नेतील.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दर दिवाळीला मी काकांकडून एक डबा नेत होतो हे खरं. त्यांच्या दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडायला मला जमायचं नाही. पण ते सगळे डबे माझ्या पुण्यातल्या खोलीत कपाटावर होते. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही. मी खेळतो ते सगळे गेम नेटवरच्या दुकानातून, खोलीत बसल्या बसल्या घेतलेले. मी मान म्हणून नेलेले डबे काकांनी धंद्याची खूण म्हणून धरले होते, आणि त्या खुणेवर ते आज विसार द्यायला निघाले होते.

आता बोलायलाच हवं, असं मनाशी म्हणतोय तोच एक गाडी दुकानासमोर करकचून थांबली. उतरले ते पिंपरी पेंढारचे एक बागायतदार. त्यांनी आदल्याच दिवशी मुलासाठी गेम नेला होता. मागून तो मुलगा, कॉलेजात जाणारा, खाली मान घालून उतरला. त्यांनी डबा काउंटरवर आपटला. डब्याला कुंकू लागलेलं होतं.

“शेठ, पाडव्याचा दिवस हाय म्हणून तोंड आवरून बोलतो. ओझरला गणपतीच्या पायाशी ठिवला ह्यो डबा. देवळाबाहीर फोडला. आत काय न्हाई.”

काकांचा चेहरा उतरला. “असं कसं व्हईल? शील व्हतं.”

“शील व्हतं. आरसा न्हाई.”

काकांनी डबा उघडला. सीडी बसायची ती गोल जागासुद्धा त्यात नव्हती. नुसतं सपाट प्लास्टिक. शेजारचा भांडीवाला पायरीवर येऊन उभा राहिला. आणखी दोघं तिघं थांबले. काका डबा उलटा सुलटा करत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानातून आरशाशिवाय काही गेलं नव्हतं.

“आत काहीच नव्हतं का?” मी विचारलं.

“बिल व्हतं कसलं तरी,” बागायतदारांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. “त्ये काय चाटायचं का आमी?”

“पप्पा, मी म्हणत व्हतो ना, त्याच्यावर कोड हाय,” मुलगा पुटपुटला.

“तू गप. तुज्यामुळं देवापुढं रिकामा डबा ठिवला मी.”

मी कागद घेऊन सरळ केला. “हे बिल नाही. यावरचा नंबर मशीनमध्ये टाकायचा, मग गेम नेटवरून उतरतो. हल्ली काही डब्यांत सीडी घालतच नाहीत. हा कागदच गेम आहे.”

त्यांनी माझ्याकडे, मग कागदाकडे पाहिलं. आवाज आपोआप खाली आला.

“म्हंजे गेम नेटवर हाय?”

“हो.”

“मंग ह्यो नंबर तरी दुकानातनं कशाला घ्यायचा? नेटवरच मिळत आसंल की.”

“मिळतो,” मुलगा म्हणाला. “माझे बाकीचे तिथूनच घेतलेत.”

“मंग ह्या दुकानात काय हाय?” बागायतदारांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. “राव, आमी टमाटं विकतो त्ये कॅरेटमंदी टमाटं असत्यात म्हणून.”

भांडीवाला हसला. काका हसले नाहीत. त्यांनी डबा पुसला, कागदाची घडी घालून आत ठेवला आणि दोन्ही हातांनी परत दिला. “माफ करा. मला ठावं नव्हतं.”

गाडी गेली, माणसं पांगली. मला वाटलं, आता मला काही सांगायची गरज उरली नाही. काकांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, खिशातलं पाकीट चाचपलं आणि म्हणाले, “चल. मंचरला गाळ्याचं पावणं वाट बघत असतील.”

नारायणगावपर्यंत मी सकाळी जुळवलेली वाक्यं पुन्हा आठवत राहिलो. पुढे हायवेला वारा इतका होता की बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं. मी मुद्दाम हळू चालवत होतो. काकांनी एकदा पाठीवर थाप मारली आणि कानाशी ओरडले, “बैलगाडी हाय का ही?”

गाळ्याचे मालक टेबलावर पेढे मांडून बसले होते. गाळा खरंच मोठा होता. ताजा रंग, चार कोऱ्या भिंती. काका आत जाऊन एका भिंतीसमोर उभे राहिले आणि हातानं फळ्यांची उंची मापू लागले. तेव्हा मला कळलं की सकाळचा प्रकार त्यांनी मनातून बाजूला सारला होता. एक डबा खराब निघाला, एवढंच.

“या शेठ,” मालक म्हणाले. “मुहूर्त चांगला हाय. आन् हे कोण?”

“हा आमचा. कंपूटरात हाय पुण्याला. ह्याच्यासारखी पोरंच माझं गिऱ्हाईक.” काकांनी पाकीट बाहेर काढलं.

मी म्हणालो, “काका, थांबा.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“मी गिऱ्हाईक नाही, काका. दिवाळीला नेलेले डबे मी फोडलेलेसुद्धा नाहीत.”

“म्हंजे?”

“मी सगळं नेटवरून घेतो. माझे मित्रही. ती पोरं इथं गाडी थांबवणार नाहीत.”

काकांचा पाकिटाचा हात टेबलाच्या वरच राहिला. “कवापासनं?”

“कॉलेज संपल्यापासून.”

“मंग नेत कशाला व्हतास?”

 गाळ्याचे मालक पेढ्यांचं ताट पुढे सरकवत म्हणाले, “अवो शेठ, पोराटोरांचं काय ऐकता? विसाराच्या येळंला असं कुणी ना कुणी शिंकतंच.”

“पोर न्हाई त्ये,” काका म्हणाले. “शिकलेलं हाय.” त्यांनी पाकीट परत खिशात घातलं. “पावणं, चार दिवस थांबा.”

“मी थांबंल. पाडवा थांबतो व्हय?”

काका बाहेर आले. मी गाडीला किक मारली तर म्हणाले, “तू जा पुण्याला. मी यष्टीनं जातो.” स्टँडच्या दिशेनं ते चालत गेले. पांढरा सदरा गर्दीत दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

नंतर त्यांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवसांची मुदत सरत चालली होती. काका मोबाइलवर मजकूर वाचत नाहीत. म्हणून कागद घेतला, लिहिलं आणि जुन्नरला निघालेल्या मावसभावाच्या हाती दिलं. ते पत्र असं:

काका,

नमस्कार करतो आणि लगेच मुद्द्यावर येतो, कारण तुम्हाला लांबण लावलेली आवडत नाही. मंचरचा गाळा घेऊ नका.

तुम्ही विचारलंत, मग डबे नेत कशाला होतास. तुमच्या काउंटरवरून काहीच न घेता निघायला मला लाज वाटायची, म्हणून. ते तुम्हाला धंद्यासारखं दिसेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुमचा मान राखण्यापायी तुमचंच दुकान जाऊ नये, म्हणून मंचरच्या पाहुण्यांसमोर बोललो. एकांतात बोलायला हवं होतं. सकाळी जमलं नाही.

आम्ही नेटवरून का घेतो ते सांगतो. लॅपटॉपला आता कप्पा येत नाही, हे एक. पण माझ्या मित्राच्या मशीनला कप्पा आहे, तरी तो सीडी घेत नाही. सीडी घातली तरी अर्धा गेम नेटवरून उतरवावाच लागतो, मग सीडी म्हणजे नुसती दाराची किल्ली राहते आणि दर वेळी ती उठून लावावी लागते. पुण्यात आम्ही सारखी खोली बदलतो. डबे म्हणजे ओझं. नेटवरचा गेम आपल्या नावावर असतो, दुसऱ्या मशीनवर बसलो तरी तिथं येतो. आरशावर ओरखडा पडायची भीती नाही. सेल लागला की निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. आणि शाळेतला माझा ओतूरचा मित्र आता नाशिकला आहे. संध्याकाळी त्याचा फोन येतो, अमुक खेळू या का, आणि बोलता बोलता दोघांकडेही तो गेम असतो. पूर्वी यासाठी आम्ही दोघं तुमच्या पायरीवर बसायचो. तो पायरीची आठवण काढतो. पण त्यासाठी नाशिकहून येणार नाही, आणि मीही पुण्याहून येणार नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

नेटवरच्या त्या दुकानात एक गोष्ट मिळत नाही. बदली. मी पैसे देऊन घेतलेला गेम मला कुणालाच देता येत नाही. माझा चुलत भाऊ मागतो, तर त्यानं नवा घ्यायचा. तो गेम माझा आहे की मला नुसता खेळायला दिलाय, हे मला शिकूनही नीट सांगता येत नाही. तुमच्याकडून नेलेला माझा होता, म्हणून तर मी तो परत आणून देऊ शकायचो. आणि आमच्या गावी अजून डोंगराच्या आड रेंज जाते. तिथली पोरं नेटवरून एवढं मोठं काही उतरवू शकत नाहीत. ती तुमच्याकडे अजून येतात, हे मला पाडव्याला कळलं. काउंटरवरच्या जुन्या सीड्यांचा खोका नव्या डब्यांपेक्षा जास्त चाळलेला होता. त्यातून मोठा गाळा भरणार नाही. एक शटर कदाचित चालेल. कदाचित तेही नाही. मी खात्री देत नाही, कारण आता मला तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही.

जागामालकांना आज भेटा आणि जुन्नरचं दुकान सोडत नाही असं सांगा. कव्हरवाल्याशी त्यांचं अजून तोंडीच आहे, असं मावशी म्हणाली.

तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन वडिलांना जे पटणार नव्हतं ते सांगितलंत. ते त्या दिवशी तुमच्यावर रागावले होते, हे तुम्हाला माहीत नसेल. मीही तसाच राग सोसायला तयार आहे. फक्त विसार देऊ नका.

रविवारी येतो. कपाटावरचे सगळे डबे घेऊन येतो, ते बदलीला लावा. आत आरसा आहे की कागद, मला माहीत नाही. तुम्हीच फोडून बघा.