चौदा पावलांचा आठ

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे सात. खर्च एकशे वीस रुपये, मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचा. हजर: मी, माझी बायको, आणि तळमजल्यावरचे निवृत्त सुभेदार, स्वतःच्या खुर्चीसकट.

बायकोला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्कूटरचा परवाना काढायचा होता. सासूबाई कुरुंदवाडला एकट्या राहतात. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं आणि दवाखान्यात न्यायला तिथं कोणी नव्हतं. एसटीची वेळ आणि डॉक्टरांची वेळ कधी जुळायची नाही. मी मोकळा फक्त रविवारी, आणि रविवारी दवाखाना बंद. हे सगळं मी तिला बोटं मोजून समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मीच जाते की."

रस्त्यावर चालवायला ती दीड महिन्यात शिकली. भीती होती ती चाचणीची. तिथं जमिनीवर आठाचा आकडा आखलेला असतो आणि त्यावरून पाय न टेकता स्कूटर फिरवायची असते. पाय टेकला की नापास. सराव घरीच करावा म्हणून मी आधी सुट्टीच्या दिवशी जाऊन ते मैदान बघून आलो. आठाची लांबी पावलांनी मोजली. बरोबर चौदा पावलं भरली. एक पाऊल म्हणजे तीन फूट, हे मी शाळेतल्या कवायतीपासून धरून चाललेलो. चौदा त्रिक बेचाळीस. त्या रविवारी बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत मी टेप लावून बेचाळीस फुटांचा आठ आखला. इंचाचाही फरक राहू दिला नाही. सुभेदारांनी खुर्चीतूनच पसंती दिली.

त्या आठावर बायकोने रोज वीस फेऱ्या मारल्या. बाराव्या दिवशी ती एका हाताने पदर सारखा करत वळायला लागली. मी म्हटलं, झालं काम.

चाचणी असे त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा जायचो. पहिल्या वेळी तिने स्कूटरच्या हँडलला हळदकुंकू लावलं, अंबाबाईचं नाव घेतलं आणि पहिल्याच वळणावर पाय टेकला. मी निदान केलं, भीती. आठवड्याने पुन्हा फी भरली, पुन्हा हळदकुंकू, पुन्हा तेच वळण, पुन्हा पाय. मी निदान बदललं, सराव कमी. फेऱ्या वीसच्या तीस केल्या.

त्या दुसऱ्या वेळेस रांगेत बाजूला बसलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "पावणं, तुमच्या मंडळींचं कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

"माझं पाचव्यांदा हाय," ते म्हणाले आणि मला बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको एकटीच त्या मैदानावर गेली. येताना पिशवीत सुतळीचा गुंडा होता. तिथल्या माणसाला विचारून तिने आठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी धरली होती आणि तिथं गाठ मारून आणली होती. संध्याकाळी तिने मला खाली बोलावलं आणि सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी माझ्या आठाच्या एका टोकाला उभा राहिलो, ती दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. गाठ आली आणि ती थांबली. पुढे अजून बराच आठ शिल्लक होता.

"अहो," ती म्हणाली, "ह्यावर एसटी पण वळंल की."

मी टेप आणला. सुतळी अठ्ठावीस फूट भरली. मग माझं पाऊल मोजलं. दोन फूट. पुन्हा मोजलं, दोनच. शाळेतून बाहेर पडल्यावर माझं पाऊल आखडत गेलं होतं आणि मी चाळीस वर्षं ते कधी तपासलं नव्हतं. सुभेदार म्हणाले की त्यांना पहिल्या दिवशीच शंका आली होती. मग बोलला का नाहीत असं विचारल्यावर म्हणाले, तुमच्या हातात टेप होता.

मी बायकोची माफी मागितली. दोन वेळची फी माझ्या चुकीची, हे कबूल केलं. ती हसून म्हणाली, फी राहू दे, आधी हे पुसा.

नवा आठ अठ्ठावीस फुटांचा झाला, आणि आता ती पडायला लागली. चार दिवसांत अकरा वेळा. कोपर सोललं, आरसा फुटला. तिसऱ्या चाचणीत वळण निघालं, पण शेवटी रेषेकडे बघत राहिली आणि तोल गेला. त्या दिवशी मी सुचवलं की दिवाळीपर्यंत थांबावं, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलता येईल का विचारू.

ती कोपराला हळद लावत होती. "मी पास होणार हाय," ती म्हणाली. "कितव्यांदा तेवढं देवीला म्हाईत. आईचा डोळा मात्र दिवाळीपर्यंत थांबणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली जाऊन पुसट झालेल्या रेषेवर फक्की टाकून आलो.

चौथ्या वेळेस ती पास झाली. ते पाचव्यांदावाले गृहस्थ त्या दिवशी होते, सातव्यांदा. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि त्यांचा नंबर आल्यावर आम्ही दोघंही थांबून राहिलो. तेही पास झाले एकदाचे.

पुढच्याच मंगळवारी बायको कुरुंदवाडला निघाली. मी ऑफिसात. दीड तासाचा रस्ता धरला होता. अडीच तास झाले तरी फोन नाही. मी दोन वेळा केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा करणार एवढ्यात तिचाच आला. मागे डॉक्टरांच्या दारातला गलका ऐकू येत होता. वाटेत मागचं चाक बसलं होतं. अर्धा किलोमीटर ढकलत नेलं, पंक्चर काढून घेतलं, मग आईला मागे बसवून दवाखान्यात आणलं. मी विचारलं, फोन का केला नाहीस, मी काहीतरी केलं असतं. ती म्हणाली, तुम्ही काय केलं असतं?

पंक्चरचे शंभर रुपये. हातकणंगल्याच्या अलीकडच्या टपरीवाल्याला, तिने दिले.